एकोडीची पार, आग्यामाश्या आणि सुट्टी संपलेला जवान

जायचं ठरलं ते जेवणाच्या ताटावर. डिसेंबरातली दुपार होती. आईने भाताचा घास घेतला, जरा थांबली आणि म्हणाली, "या तांदळाले वासच नाही."

तांदळाले. सांगलीत पंचेचाळीस वर्षं काढलेल्या माझ्या आईच्या तोंडून हा 'ले' मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. आई मूळची एकोडीची. एकोडी म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं, साकोली तालुक्यातलं धानाचं गाव. बाबा पाटबंधारे खात्यात होते, साकोलीला बदली झाली आणि तिथेच लग्न जमलं. पुढे सांगलीला परतल्यावर इथल्या बायका तिच्या 'मले-तुले'ला हसायच्या. म्हणून तिने ते बोलणंच बंद केलं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि तिचं एकंदर बोलणंच कमी झालं. माहेरी जाऊन तर एकोणीस वर्षं झाली होती.

त्याच संध्याकाळी मी फेब्रुवारीची तिकिटं काढली.

तुमच्यापैकी कुणाला पश्चिम महाराष्ट्रातून भंडाऱ्याला जायचं असेल तर महाराष्ट्र एक्स्प्रेस सोयीची. सांगलीत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थेट वरठीला उतरायचं. तिकिटावर मात्र 'भंडारा रोड' लिहिलेलं असतं, गोंधळू नका. गाडी रमतगमत जाते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर खालचा बर्थ आधीच बघून ठेवा, आणि दोन वेळचं खाणं घरून घ्या.

वर्धा मागे पडलं तशी आई समोरच्या बाईशी बोलायला लागली. "कुठं जाऊन राहिल्या?" असं त्या बाईने विचारलं, आणि आई म्हणाली, "एकोडीले. माहेर आहे माहं." मी खिडकीबाहेर बघत बसले. तिच्याकडे बघितलं असतं तर ती पुन्हा सांगलीचं बोलली असती असं वाटलं.

वरठीला उतरलो तेव्हा पोलाद कारखान्याची पाळी सुटली होती. मोटरसायकली आणि सायकलींचा लोंढा फाटकाशी थांबलेला. रिक्षाने भंडाऱ्याला आलो, बसस्थानकाजवळच्या साध्या लॉजवर राहिलो. सकाळी तर्री पोहे खाल्ले. आईने दोन प्लेट खाल्ले, हे मुद्दाम नोंदवते. तिथून साकोलीला एसटी भरपूर आहेत आणि बायकांना अर्धं तिकीट आहे. पण आईचे गुडघे बघून मी तीन दिवसांसाठी गाडी ठरवली. चालक दिवाकरभाऊ, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. महामार्ग लाखनीवरून साकोलीपर्यंत सुरेख आहे. साकोलीहून आत वळलं की रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना बांध्या सुरू होतात. बांधी म्हणजे धानाचा तुकडा. धान केव्हाच निघालेलं, काही बांध्यांत लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, निळसर फुललेली.

एकोडीत माझी मामी असते. मामा नाहीत. घर नवीन, स्लॅबचं. मामीने आईला दारातच विचारलं, "शेवंताबाई, इतके दिवस काहून नाही आल्या वो?"

शेवंता. लग्नात आईचं नाव बदलून शालिनी ठेवलं होतं. कागदोपत्री, शेजारीपाजारी, बाबांच्या तोंडी ती शालिनीच. इथे मात्र रस्त्याने जाणारी म्हातारी माणसं "शेवंता आली का गा?" म्हणून थांबत होती आणि आई ओसरीवरूनच "आली, आली" म्हणून सांगत होती. दोन दिवस आम्ही नुसतं खाल्लं आणि ऐकलं. तलावातल्या मासोळीचं कालवण, लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि नव्या तांदळाचा भात. दुपारी मामी आणि आई पाठीला पाठ लावून बसायच्या आणि गेलेल्या माणसांची नावं घ्यायच्या. रडत नव्हत्या. एक नाव घ्यायची, दुसरी मान हलवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाखांदूरला निघालो. तिथे आईची शाळेतली मैत्रीण असते, कुसुम. दोघी सातवीपर्यंत एका बाकावर. गावाबाहेर तलावाशी पोहोचलो तेव्हा आई म्हणाली, "दिवाकरभाऊ, पारीवर जरा उतरवा मले."

तलावाच्या बांधाला तिकडे पार म्हणतात. पारीवरूनच रस्ता जातो, आणि तिथे कहूचं प्रचंड झाड आहे. आपण ज्याला अर्जुन म्हणतो ते. रस्ता अरुंद, म्हणून दिवाकरभाऊ आम्हाला उतरवून गाडी वळवून आणायला पुढे गेले. साडेदहाचा सुमार. पाण्यावर अडई बदकांचा थवा बसला होता. आई कहूच्या सावलीत उभी राहून सांगत होती की याच जागी ती आणि कुसुम कपडे धुवायला यायच्या, कुसुमला पोहता यायचं, तिला कधी जमलं नाही.

वर फांद्यांना आग्यामाश्यांची पाच-सहा पोळी लटकत होती, पोत्याएवढी, काळी. मला ती दिसली होती. मी त्यांचा फोटोही काढला. इथे तो टाकत नाही.

कशामुळे झालं ते दिसलं म्हणून सांगते. घारीसारखा एक मोठा पक्षी झाडात शिरला, पोळ्याला धडक दिली आणि तुकडा घेऊन निघून गेला. मग आवाज बदलला. एवढंच मला नीट आठवतं, की गुणगुण होती आणि तिची घरघर झाली. पहिला डंख कानामागे बसला. आईने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ती खाली बसली. मी तिला उठवायला गेले, ती उठेना. तिच्या पांढऱ्या केसांत माश्याच माश्या होत्या. मी ओढणी तिच्या तोंडावर टाकली आणि तिच्या अंगावर आडवी झाले.

त्याच वेळी पारीवरून एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून येत होते, मागे मासोळीची पेटी बांधलेली. त्यांचं नाव झिंगरूजी, हे नंतर कळलं. ते हात झाडायला लागले आणि सायकलसकट पडले. आमच्यापासून तीस-चाळीस पावलांवर. सायकल त्यांच्या पायावर होती आणि ते ओरडत होते. मग ओरडायचे थांबले.

इथून पुढचं काही मी बघितलेलं, काही मनीषाने दवाखान्यात सांगितलेलं.

मनीषा आणि तिचा नवरा रूपेश मोटरसायकलवरून वरठीला निघाले होते. रूपेश फौजेत नायक आहे. महिन्याची सुट्टी त्या दिवशी संपत होती. दुपारच्या गाडीने नागपूर, तिथून वर उत्तरेला. मनीषा त्याला पोहोचवून मोटरसायकल स्वतः परत आणणार होती. याच सुट्टीत त्याने तिला चालवायला शिकवलं होतं. तीन वर्षांची मुलगी परी घरी आजीजवळ ठेवली होती, कारण ती स्टेशनवर फार रडते. घर ते स्टेशन, तेवढाच वेळ दोघांना एकट्याने मिळणार होता.

त्यांना लांबूनच ढग दिसला. रूपेशने गाडी अलीकडेच थांबवली.

"मी त्याईले पाठीमांगून धरली होती," मनीषा म्हणाली. "म्हणली, नोका जाऊ. त्याईनं माहा हात सोडवला. लग्नाले सहा वर्षं झाली ताई, असा हात कधी सोडवला नव्हता."

त्याने तिला शेतातली तणस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा, दाखवली. पारीच्या कडेला वाऱ्याच्या अंगाला पेटव आणि वर ओला पाला टाक, धूर झाला पाहिजे, दोन्हीकडून कुणाला येऊ देऊ नकोस, एवढं सांगितलं. मग पाठीवरची पिशवी उघडून त्यातलं फौजेचं हिरवं कंबल काढलं, माकडटोपी चढवली, लोकरी हातमोजे घातले. त्या सामानाची घडी तिने पहाटे स्वतः घातली होती.

मला कळलं ते एवढंच, की अंगावर काहीतरी जड, खरखरीत पडलं आणि अंधार झाला. मग अगदी कानाशी आवाज आला.

"ताई, हलू नोका. डोळे झाका. मी आहो."

कुणी तरी आहे, हे त्या क्षणी किती मोठं असतं ते मला लिहिता येणार नाही. त्याने आईला कंबलासकट उचललं, खांद्यावर घेतलं. मला म्हणाला, "कंबलाच्या आत राहा, माझ्या कमरेचा पट्टा धरा आणि वाकून चाला. धावू नोका." आम्ही चाललो. फार तर सत्तर पावलं असतील. मला त्याचे बूट तेवढे दिसत होते. तो मध्येच म्हणायचा, "आजी, बोला माह्याशी. गाव कोणतं तुमचं?" आणि आई, जिचा आवाज मला पोहोचत नव्हता, तिने काही तरी उत्तर दिलं असावं, कारण तो म्हणाला, "एकोडी? मग तं तुमी आमच्याच."

धुरात पोहोचलो. मनीषा खोकत पाला टाकत होती. त्याने आईला जमिनीवर ठेवलं, मी तिच्यावर कंबल ओढून घेतलं. माश्या मागे आल्या होत्या, धुरातही काही घोंगावत होत्या.

"कंबल द्या ताई," तो म्हणाला. "तो बाबा तठीच पडला आहे."

मी ऐकलं. मला समजलं. त्या म्हाताऱ्या माणसाला पडताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण माझ्या मुठी उघडल्या नाहीत. कंबलाची कडा मी दोन्ही हातांनी धरली होती आणि खाली आई होती, आणि माझे हात माझं ऐकत नव्हते. की मीच त्यांना सांगितलं नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याने एक क्षण माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग तसाच वळला आणि कंबलाशिवाय परत गेला.

टोपी होती, हातमोजे होते. चेहरा उघडा होता, मान उघडी होती. मनीषाने हातातला पाला टाकून दिला आणि ती दोन पावलं पुढे गेली, मग थांबली. मी कंबलाच्या फटीतून तिची पाठ बघत होते. धुरापलीकडे तो वाकलेला दिसला, सायकल बाजूला फेकलेली दिसली, मग झिंगरूजींना पाठीवर घेऊन तो येताना दिसला, सरळ चालत, एक हात डोळ्यांवर. त्याच्या चेहऱ्यावर माश्या बसलेल्या होत्या आणि तो त्या झाडत नव्हता. झाडलं की आणखी येतात, हे त्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात दिवाकरभाऊ काचा लावून गाडी घेऊन आले, थेट धुरात घातली. सहा माणसं आम्ही त्या गाडीत कशी बसलो कोण जाणे. आई माझ्या मांडीवर, डोळे मिटलेले. मनीषा पुढच्या सीटवर रूपेशला टेकून बसली होती आणि तिच्या एटीएम कार्डाच्या कडेने त्याच्या गालावरचे काटे खरवडून काढत होती. चिमटीने ओढायचे नाहीत, ओढले की विष आत जातं, असं तोच तिला सांगत होता. ओठ सुजल्यामुळे त्याचे शब्द जाड येत होते.

साकोलीच्या सरकारी दवाखान्यात लगेच घेतलं. आईला सलाईन, इंजेक्शनं, ऑक्सिजन. झिंगरूजींचं घोट्याजवळचं हाड मोडलं होतं आणि श्वास अडकत होता. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. दोघांबद्दलही म्हणाल्या, "आणखी दहा मिनिटं तिथं राहिले असते तर मी काही सांगू शकले नसते." दुपारी दोननंतर आईने डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "तो बाबू गेला का गाडीवर?"

तो गेला नव्हता. शेजारच्या वॉर्डात होता. दोन्ही डोळे सुजून मिटलेले. त्याच्या सुभेदार साहेबांना फोन लावला तेव्हा मी तिथेच होते. "साहेब, रास्ते में थोडा काम आ गया," असं तो म्हणाला. थोडा काम. मनीषाने फोन त्याच्या हातून घेतला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. एक दिवसाची मुदत मिळाली.

"एक दिवस भेटला," ती मला बाहेरच्या बाकावर म्हणाली. "रोज देवाले म्हणत होती, एक दिवस वाढव म्हणून. पण असा नव्हता मांगला."

संध्याकाळी चारला रूपेशची आई परीला घेऊन आली. परी दारातच थांबली. खाटेवरच्या माणसाकडे बघितलं आणि आजीच्या मागे गेली. रूपेशला दिसत नव्हतं. तो अंदाजाने दाराकडे हात करून म्हणाला, "परी, ये." ती आली नाही. आजीने ढकललं तर किंचाळली. "हे नाही," म्हणाली, "बाबा पायजे." तो हात तसाच हवेत राहिला, मग त्याने तो चादरीवर ठेवला. मिळालेल्या त्या एका दिवसात, स्टेशनला निघेपर्यंत, परी त्याच्याजवळ गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला सोडलं. रूपेशचा एक डोळा उघडला होता, पण मोटरसायकल चालवण्यासारखी अवस्था नव्हती. दिवाकरभाऊंनी मला न विचारताच सांगून टाकलं की वरठीला आपण सोडू. त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. लाखांदूर राहिलंच. आईने कुसुमचं नाव एकदाही काढलं नाही.

वरठीच्या फलाटावर आम्ही तासभर होतो. या वेळी परीला आणलं होतं. ती मनीषाच्या कडेवर, पाठ फिरवून. रूपेश त्या दोघींपासून एक हात अंतरावर बसला होता, जवळ सरकत नव्हता. गाडीची घोषणा झाली तेव्हा परीने मान वळवली, त्याच्या गालावरच्या सुजेकडे बराच वेळ बघितलं आणि एक बोट लावलं.

"दुखते?"

"नाही," तो म्हणाला.

तेवढंच. गाडी आली. मनीषा नुसती त्याच्या शर्टाची बटणं वरखाली बघत राहिली. गाडी गेल्यावर ती रुळांकडे बघत थांबली, फलाटावरची सगळी माणसं पांगली तरी. आई खुर्चीवरून उठली, गुडघे धरत तिच्यापर्यंत गेली आणि तिच्याशेजारी नुसती उभी राहिली. दोघी एकाच दिशेने बघत होत्या. एकीचा माणूस नुकताच गेला होता. दुसरीचा गेला त्याला दोन वर्षं झाली होती.

आता सांगलीत परतून तीन आठवडे झाले आहेत. कुणी तिकडे जाणार असाल तर जरूर जा. तलाव बघा, मासोळी खा, एकोडीला कुणी ओसरीवर बसवलं तर बसा. जुन्या मोठ्या झाडांखाली थांबण्याआधी मात्र वर बघा, अंगाला अत्तर लावू नका, गाडीत एक जाड पांघरूण ठेवा. माश्या उठल्याच तर नाक-तोंड झाका आणि हात झाडू नका.

गेल्या रविवारी मी रूपेशला फोन केला. रेंज जात-येत होती. आधी इकडचं-तिकडचं बोलले. झिंगरूजी काठी घेऊन चालायला लागले आहेत, हे त्यानेच सांगितलं. मग मी म्हटलं, "तुम्ही कंबल मागितलं होतं. मला ऐकू आलं होतं. मी दिलं नाही."

 

"ताई, घाबरल्या माणसाची मूठ खुलत नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे नवे पोरं येतात, त्याईची बी नाही खुलत. म्हणून मी फक्त मांगलो. ओढून घेता आलं असतं मले. पण ओढलं असतं तं आजी उघडी पडली असती."

मला बरं वाटलं असं म्हणणार नाही. त्याच्या गालावर दोन डाग राहिले आहेत असं मनीषा सांगते, ते माझे आहेत. पण त्याने ते मला देऊन टाकले नाहीत, स्वतःजवळ ठेवून घेतले, एवढं मला समजलं.

आईने फोन मागितला. हल्ली ती घरात तिकडचंच बोलते, शेजारणी आल्या तरी.

"सुट्टी कधी भेटते रे बाबू?"

"मे महिन्यात पाहतो, आजी. भेटली तं."

"मी येते मग एकोडीले. तू आला की येते. लाखांदूरलेबी जाऊ."

फोन ठेवला आणि ती खिडकीशी जाऊन बसली. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. बऱ्याच वेळाने तिने मला हाक मारली.

"सुनंदा, मे लागाले अजून किती दिवस आहेत वो?"

मी कॅलेंडर बघून मोजले आणि सांगितले. तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा विचारलं.